पूजेला मांडलेली हार्ड डिस्क

बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली की आमच्या घराच्या मागच्या भिंतीला एक दार येतं. दार लाकडी आहे, फिकट निळं, आतल्या बाजूला उघडणारं. भिंतीपलीकडे खरं म्हणजे शेजाऱ्यांचं पेरूचं झाड आहे. दार उघडल्यावर मात्र पेरू दिसत नाहीत, वर्ग दिसतो. एक बाक, एक फळा, एक खिडकी. डिस्क काढली की दार जातं आणि त्या जागी कॅलेंडर पुन्हा दिसू लागतं.

लॅपटॉप अकरा वर्षांचा आहे. मुलीने नवा घेतला तेव्हा हा आमच्याकडे आला. त्याची बिजागरी सैल झाली आहे, म्हणून झाकणामागे मी फूटपट्टीचा टेकू लावला आहे. त्याची स्वतःची डिस्क मुलीच्या लग्नाच्या फोटोंनी भरली आहे. चार हजार फोटो, त्यातले बाराशे पंगतीचे. त्यातला एकही पुसायचा नाही, असं शशिकलेने, म्हणजे माझ्या पत्नीने, बजावून ठेवलं आहे. म्हणून कॉलनीतल्या मुलांना संगणक शिकवायला केलेली व्हर्च्युअल मशिनं मी साबणाच्या डबीएवढ्या एका बाहेरच्या डिस्कवर ठेवली.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय, ते मुलांना मी असं सांगतो. एका संगणकाच्या पोटात दुसरा संगणक. आपण कोणाच्या पोटात आहोत, हे त्याला माहीत नसतं. त्याला वाटतं आपण अख्खे आहोत, आणि त्याला तसं वाटू द्यायचं. पण जागा आणि वेग त्याला मोठ्याकडूनच मिळतो. त्यामुळे आतली एक खोली उघडली की आमचा चौदा फुटांचा हॉल नऊ फुटांचा होतो. मी टेपने मोजला आहे. पंख्याची पाती एकेक मोजता येतात, आणि कुकरची शिट्टी सव्वानऊला सुरू होऊन नऊ अठराला संपते.

"अहो, ही शिट्टी एक धरायची की तीन?" शशिकला विचारते.

"एकच," मी सांगतो. निवृत्तीनंतर सहा वर्षांत मला घरात विचारले जाणारे प्रश्न कमी झाले आहेत, त्यामुळे उत्तर मी नीट देतो.

खंडेनवमीला शाळेला सुट्टी होती. शिकायला एकटी हिंदवी आली. हिंदवी पाचवीत आहे. ती एखादा प्रश्न विचारते, उत्तर ऐकते, आणि थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारते, उत्तर बदललं का ते बघायला. तिची आई रोहिणी गवळी एसटीत कंडक्टर आहे. बाराच्या गाडीवर तिची ड्यूटी होती आणि दसऱ्यासाठी हिंदवीला त्याच गाडीने आजोळी सोडायचं होतं. त्यानंतर त्या गावाला गाडी थेट दसऱ्यानंतर.

"सर, बाराला कोपऱ्यावर गाडी थांबवीन," रोहिणी सकाळी सांगून गेली. "सात मिनिटं. आठवं मिनिट मागू नका. ड्रायव्हर सुर्वेमामा आहेत, ते देवासाठीसुद्धा थांबत नाहीत."

"तयार ठेवतो," मी म्हणालो.

मी डिस्क जोडली, हिंदवीचं मशीन सुरू केलं, ती निळ्या दारातून आत गेली आणि मी आंघोळीला गेलो. चूक तिथे झाली.

घर हळू चालत असल्यामुळे आंघोळीला दीड तास लागला. बाहेर आलो तर हॉलमध्ये पाट मांडलेला. पाटावर विळी, कात्री, शिलाई मशीनची सुई, माझा जुना कंपास, आणि मधोमध लॅपटॉप आणि डिस्क. भोवती रांगोळी. फूटपट्टीला झेंडूची माळ. डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती आणि तिचा दिवा कुंकवाखालून लाल लुकलुकत होता.

"आज खंडेनवमी," शशिकला म्हणाली. "वर्षभर राबतात बिचारी. आता उद्या सकाळी उत्तरपूजा झाली की मगच हात लावायचा."

"हिंदवी आत आहे."

"मग हाक मारा तिला. हाक मारायला यंत्र कशाला लागतं?"

"दार बंद करायला लागतं."

"दार उघडंच आहे की."

डिस्क चालू असताना उपटायची नाही, आधी तिला सांगायचं, तिने हो म्हटलं की मग काढायची, हे मी स्वतःच मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. शशिकला म्हणाली, यालाच उत्तरपूजा म्हणतात. मी हात मागे बांधले आणि दारापाशी जाऊन हाक मारली.

"हिंदवी!"

आतून अकरा जणींनी "ओ" दिली.

साडेअकरा वाजले होते. मी आत गेलो. बाकावर कोणी नव्हतं. टेबलावर एक लॅपटॉप होता, आमच्यासारखाच, झाकणामागे फूटपट्टीसकट. त्याला साबणाच्या डबीएवढी डिस्क जोडलेली होती, आणि मागच्या भिंतीला एक निळं दार होतं, माझ्या कमरेएवढं. जुन्या लॅपटॉपवर मशीनच्या आत मशीन चालत नाही, असं मी सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं. ते वाक्य अजून तिथे होतं. त्याच्याखाली हिंदवीच्या अक्षरात लिहिलं होतं, "चालतं, पण हळू."

मी गुडघ्यांवर बसून दुसऱ्या दारातून आत गेलो. तिथे तीन बाक होते आणि त्यांवर दहा हिंदव्या बसल्या होत्या. अकरावी फळ्यापाशी खडू घेऊन उभी होती.

"सर आले, उभं राहा," ती म्हणाली.

दहा जणी उठल्या. "नमस्ते सर."

"बसा," मी म्हणालो. सवयीने म्हणालो.

मला फार नवल वाटलं नाही. काही नवं करून बघण्याआधी स्नॅपशॉट घ्यायचा, हे मी मुलांच्या डोक्यात भरवलं आहे. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणी जे जसं आहे ते सगळंच्या सगळं डिस्कवर राखून ठेवायचं. पुढे काही बिघडलं तर मागे येता येतं, म्हणून भ्यायचं नाही, धडाधड करून बघायचं. इतर मुलांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. हिंदवीने मन लावून केलं होतं. फक्त मशीन सुरू असताना ती स्वतः आत असायची, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

"आजची कोण आहे?" मी विचारलं.

अकराच्या अकरा जणी "मी" म्हणाल्या. प्रत्येकीचं आपापल्या परीने बरोबर होतं. मी त्यांना नीट पाहिलं. एकीचा पुढचा दात नव्हता, ती जुलैची. एकीच्या हातावर नागपंचमीची मेंदी. ओळीने तिघींच्या गुडघ्याला पट्टी, कारण ऑगस्टमध्ये ती आमच्या जिन्यावरून पडली होती. कोपऱ्यातली सगळ्यात छोटी जूनची होती, कोरं दप्तर पोटाशी धरून बसलेली. जूनमध्ये हिंदवी महिनाभर कोणाशी बोललीच नव्हती.

"सतरा आठे?" मी विचारलं. सतराचा पाढा गेल्याच आठवड्यात झाला होता.

"एकशे छत्तीस," दोघी म्हणाल्या. फळ्याजवळची आणि पहिल्या बाकावरची.

"ही आज सकाळची आहे," फळ्याजवळची म्हणाली. "दार बनवायच्या आधीची. मी दार बनवल्यानंतरची."

"मग तू चल. आई बाराला येणार आहे."

"मी एकटी नाही येऊ शकत, सर. बघा."

तिने पहिल्या बाकावरचीचा हात सोडला. हात धरलेला आहे हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. सगळ्याच जणींनी एकमेकींचे हात धरले होते, अकराव्या हिंदवीपासून पहिलीपर्यंत. हात सुटताच फळ्याजवळच्या हिंदवीच्या पायांतल्या चपला गेल्या, मग वेणीची रिबीन, मग ती म्हणाली, "सर, सतरा..." आणि पुढे काय ते तिला येईना. पहिल्या बाकावरचीने घाईने पुन्हा हात धरला. रिबीन परत आली.

"ती माझ्यावर उभी आहे," पहिल्या बाकावरची समजावून सांगू लागली. "मी हिच्यावर. ही तिच्यावर. मधली कोणी राहिली तर पुढच्या सगळ्या कोऱ्या होतात."

"हे मी शिकवलं नव्हतं," मी म्हणालो.

"नाही. हे आम्ही करून बघितलं."

मला मनातून अभिमान वाटला, पण तो दाखवायला वेळ नव्हता. खोली लहान होत होती. अकरा जणींनी डिस्कवरची बरीच जागा घेतली होती, आणि दर मिनिटाला भिंती बोटभर आत येत होत्या. कुठेतरी डिस्क टक् टक् करत होती. तेवढ्यात माझ्या डोक्याशेजारी शशिकलेचा फराळाचा मोठा डबा आला.

याचं कारण सोपं आहे. लॅपटॉपला जागा कमी पडली की तो बराच वेळ कोणी न वापरलेल्या गोष्टी उचलून डिस्कवर नेऊन ठेवतो. घरात जसा माळा असतो तसं. आमच्या लॅपटॉपच्या स्वतःच्या डिस्कवर पंगतीचे फोटो होते, त्यामुळे घर आपल्या वस्तू इकडे पाठवू लागलं. डब्यामागून डिनर सेट आला, खोक्यातून न काढलेला. मग जावईबापूंनी दिलेली व्यायामाची सायकल. मग माझ्या निरोप समारंभाचं मानपत्र, काचेसकट.

"सर, हे काय आहे?" मेंदीवालीने विचारलं.

"माळा आवरणं चालू आहे. रांग करा. मोठी पुढे, छोटी मागे. हात सोडायचा नाही. चला."

त्या शहाण्यासारख्या उठल्या. मी वाट दाखवायला दाराकडे निघालो आणि दारापर्यंत पोचलो नाही. दार होतं तिथेच, चार पावलांवर. मी चार पावलं टाकली, ते चार पावलांवरच राहिलं. आणखी चार टाकली. मग मी थांबलो आणि मुद्देसूद विचार केला. सकाळपासून घरातल्या कोणी मला काही विचारलं नव्हतं. काही आणायला सांगितलं नव्हतं. लॅपटॉपच्या हिशेबात मी सायकल आणि मानपत्राच्या मधे बसत होतो.

एवढ्यात फराळाचा डबा उडाला आणि दारातून बाहेर गेला. बाहेर शशिकलेला तो हवा होता. म्हणजे नियम सरळ होता. वस्तू लागली की ती परत जाते.

बाहेरून शशिकलेचा आवाज आला. घर आता फारच हळू झालं होतं, शब्द एकेक करून येत होते. "अहो... गूळ... कुठे... ठेवलाय?"

मी दीड फूट पुढे सरकलो, न चालता. "मधल्या फळीवर!" मी ओरडलो. "चहाच्या मागे!"

"सापडला," ती म्हणाली, आणि मी एक फूट मागे आलो.

बाहेर हॉर्न वाजला. बारा वाजले होते. घर इतकं आखूड झालं होतं की कोपऱ्यावरची एसटी जवळजवळ आमच्या उंबऱ्याला लागली होती. दोन्ही निळी दारं आणि घराचं पुढचं दार एका रेषेत होती, त्यामुळे मला आतून सगळं दिसत होतं. गाडीच्या पायरीवर रोहिणी उभी होती, खाकी साडीत, खांद्याला बॅग.

"सर! हिंदवी?"

"पाठवतोय!" मी म्हणालो. "जरा जास्त आहेत!"

अकरावी बाहेर गेली. तिच्या हाताला धरून दहावी. नववी. आठवी. रोहिणी बघत राहिली. एसटीत बारा वर्षं काढलेली बाई, तिने आधी माणसं मोजली.

"काकू, मी सकाळी एक सोडली होती," ती शशिकलेला म्हणाली.

"त्यांनी शिकवलंय काहीतरी," शशिकला म्हणाली. "मला विचारू नकोस. गूळपोळी देऊ का? पण मी एकीच्याच अंदाजाने केल्या होत्या."

"यांच्यातली घरी न्यायची कोणती?"

"सगळ्या न्याव्या लागतील, गं," मी आतून सांगितलं. "मधली एकही सोडू नकोस."

"गाडीत जागा आहे, सर. पण नाक्यावर तपासनीस चढतो."

"एकच आहे म्हणून सांग. तारखा वेगळ्या आहेत."

रोहिणीने मान हलवली. असले प्रवासी तिने पाहिले असावेत. पट्टीवाल्या तिघी गेल्या, त्यांच्यामागून ऑगस्टची, धड गुडघ्यांची. ती उंबऱ्यापाशी आली तशी रोहिणी खाली वाकली आणि तिने तिची हनुवटी धरली.

"ही पडायच्या आधीची ना? बाळा, ऐक. सरांच्या जिन्यावरून धावायचं नाही. समजलं?"

"हो, आई."

पुढच्या तिघींच्या गुडघ्यांवरच्या पट्ट्या गेल्या.

"माझी पट्टी!" त्यांतली एक रडवेली झाली. "तिच्यावर मी चांदण्या काढल्या होत्या!"

"चांदण्या हातावर काढ. चढ लवकर."

मेंदीवाली गेली. दात नसलेली गेली. रोहिणीने जाताजाता तिचं तोंड उघडून आत पाहिलं आणि हसली. सुर्वेमामांनी पुन्हा हॉर्न दिला. सहा मिनिटं झाली होती. खोलीचं छत माझ्या डोक्याला टेकलं, म्हणून मी बसलो. सायकलचं पेडल बरगडीत रुतत होतं.

आता फक्त जूनची उरली होती. तिचा उजवा हात दारातून बाहेर गेलेला, पुढचीच्या हातात. डाव्या हातात माझं बोट होतं. ते तिने कधी धरलं मला कळलं नव्हतं. मग आठवलं. पहिल्या दिवशी तिला माउस धरता येईना, तेव्हा तिच्या हातावर हात ठेवून मीच तो फिरवला होता, आणि तिला आलेली पहिली गोष्ट म्हणजे स्नॅपशॉटचं बटण.

तिच्याखाली आणखी कुठली हिंदवी नव्हती. तिच्याखाली माझं बोट होतं.

ते सोडवून घ्यावं असा विचार माझ्या मनात आला आणि मी तो नीट तपासून पाहिला. ती कोरी झाली तर जुलैची कोरी होणार होती, मग पुढच्या सगळ्या, आणि आजोळी पोचणाऱ्या मुलीला स्वतःचं नावसुद्धा सांगता आलं नसतं. मी बोट आणखी घट्ट केलं. म्हणजे मला बाहेर जायला हवं होतं. त्यासाठी बाहेर कोणाला तरी माझी गरज पडायला हवी होती.

"शशिकला!" मी हाक मारली. "मला काहीतरी विचार!"

"काय... विचारू?"

"काहीही! एखादी गोष्ट सापडत नसेल तर!"

ती खरोखर शोधत असणार, ती कोणाला उगाच नाही म्हणत नाही. डबे उघडल्याचे आवाज एकेक करून आले. छत आणखी बोटभर खाली आलं. मी मान वाकवली.

"नाही हो," शेवटी ती म्हणाली. "आज... सगळं... सापडतंय."

रोहिणी गाडीत चढली होती. दहा जणी आत बसल्या होत्या, एकमेकींचे हात धरून, मागच्या दारापासून ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत. तिने मान वळवून मोजायला सुरुवात केली, मग घड्याळ पाहिलं आणि मोजणं सोडलं.

"हिंदवी! आलीस का?"

अकरा आवाज एकदम म्हणाले, "आले!" माझ्या शेजारचाही. जूनमध्ये तिला एवढंच येत होतं, नाव घेतलं की उत्तर द्यायचं.

गाडीत घंटी दोनदा वाजली.

इंजिनाचा आवाज बदलला. बाहेर, सीटांच्या मधून, अकरावीचा हात ताठ झाला, मग दहावीचा, मग नववीचा. ओढ एकेक हात करत आमच्याकडे येत होती, घर हळू असल्यामुळे अगदी सावकाश. मला ती येताना दिसत होती. दात नसलेलीचा हात ताणला गेला. जूनची अर्धी दारात होती, अर्धी माझ्याकडे. तिने दप्तर हनुवटीखाली दाबलं, माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि या वर्षातलं पहिलं वाक्य बोलली.

"सर, आता काय दाबायचं?"